व्हाउचर आणि कूपन एकच का? दुकानदार म्हणतो हो, मला पटत नाही

हरभट_रोड :
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत सांगलीतल्या एका कापड दुकानातून नणंदेसाठी दोन हजारांचं 'गिफ्ट कूपन' घेतलं. पैसे रोख मोजले, पावती घेतली, त्यांनी सोनेरी पाकिटात घालून कार्ड दिलं. वन्सं साताऱ्याला असतात, त्यांचं लगेच येणं झालं नाही. मे महिन्यात आल्या तेव्हा आम्ही दुकानात गेलो, तर काउंटरवरचा म्हणाला, "ताई, कूपनची मुदत सहा महिने, ती संपली. कूपन म्हणजे सवलत, ती वेळेतच घ्यायची असते." मी म्हटलं, अहो सवलत कसली, रोख पैसे दिलेत. तर म्हणे, "कूपन काय नि व्हाउचर काय, एकच."

मला हे अजिबात पटलेलं नाही. जाहिरातीतून कापलेला '१० टक्के सूट'चा चौकोन आणि मी पैसे भरून घेतलेलं कार्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चौकोन वाया गेला तर माझं काही जात नाही. कार्ड वाया गेलं तर माझे दोन हजार त्यांच्या गल्ल्यात राहतात आणि त्याबदल्यात त्यांनी काहीच दिलेलं नसतं. यातला नेमका फरक काय, आणि वर 'कूपन' छापलं म्हणून माझा हक्क जातो का? जाणकारांनी सांगावं.

अजिंक्यतारा :
फरक एका वाक्यात सांगतो. कूपननं किंमत कमी होते, व्हाउचरनं किंमत भरली जाते. तुमचं व्हाउचर आहे.

मिरज_जंक्शन :
@अजिंक्यतारा, इतकं सरळ नाही हो. मुंबईत नोकरीला होतो तेव्हा लोकलची कूपनं मिळायची. पैसे भरून अख्खं पुस्तक घ्यायचं, प्रवासाच्या वेळी भाड्याएवढी कूपनं यंत्रात घालून छापून घ्यायची. त्यात सवलत कसली, सगळे पैसे आधीच भरलेले. तरी रेल्वे त्याला कूपनच म्हणायची. कंपन्या जेवणासाठी द्यायच्या ती पुस्तकंही तशीच, एकेका पानाची किंमत ठरलेली, आणि तीही 'जेवणाची कूपनं'.

तासगावचा_बेदाणा :
मग लग्नात आहेराचं पाकीट देतात त्याला काय म्हणायचं? 🙂

अजिंक्यतारा :
रोख! त्याला मुदत नसते आणि अटीही नसतात.
@मिरज_जंक्शन, मुद्दा मान्य. म्हणजे नावावर जाऊन उपयोग नाही, पैसे आधी कुणी भरले ते बघायचं.

जमाखर्च :
साताऱ्यात हिशेबाचं काम करतो, दोन्ही प्रकार रोज हातातून जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीएसटीच्या २०१७ च्या कायद्यात व्हाउचरची व्याख्या आहे, कलम २(११८). कूपनची वेगळी व्याख्या त्यात नाही. सोप्या भाषेत व्हाउचर म्हणजे असा कागद किंवा मोबाइलवरचा कोड, जो वस्तूचा किंवा सेवेचा मोबदला म्हणून, पूर्ण किंवा काही भागापुरता, स्वीकारणं समोरच्याला बंधनकारक असतं. काय मिळणार किंवा कोण देणार, हे त्यावर किंवा त्याच्या अटींत लिहिलेलं असतं. यातला कळीचा शब्द 'बंधनकारक'. दुकानदार मेहेरबानी म्हणून घेत नाही, त्याला घ्यावंच लागतं.

आता बिलावर काय फरक पडतो ते बघा. साडी २००० रुपयांची, कर वेगळा, दर ५ टक्के धरू. दुकानानं स्वतःचं २०० रुपयांच्या सवलतीचं कूपन दिलं आणि ती सवलत बिलावर दाखवली, तर कर १८०० वर लागतो, ९० रुपये. तेच २०० रुपयांचं व्हाउचर दिलं, तर साडीची किंमत २००० च राहते, कर १०० रुपये, फक्त त्यातले २०० व्हाउचरनं फिटले. ग्राहकाच्या हातात दोन्ही वेळा गुळगुळीत कागदच असतो. बिलाची ओळ मात्र वेगळी पडते.

आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. तिथं व्हाउचरवरचा जुना गोंधळ मिटवला. नुसत्या व्हाउचरचा व्यवहार म्हणजे वस्तूचा पुरवठाही नाही आणि सेवेचाही नाही, कर लागायचा तो त्यातून घेतलेल्या मालावर. वर्षअखेरीस तसं परिपत्रकही आलं. न वापरलेल्या व्हाउचरच्या पैशावर जीएसटी नाही हेही त्यात स्पष्ट केलंय.

@हरभट_रोड, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की तुम्ही दोन हजार दिले त्या दिवशी दुकानाच्या वहीत ती विक्री होत नाही. ते तुमचं देणं म्हणून उभं राहतं. कूपनचं असं नसतं. हजार कूपनं वाटली तरी वहीत त्या दिवशी एक रुपया जमा होत नाही.

कऱ्हाडी :
'देणं' हा शब्द एक नंबर.
आमच्या रंगकामाच्या धंद्यातलं सांगतो. रंगाच्या डब्यात टोकन यायचं, डब्याचं झाकण उघडलं की आत. ते पेंटरचं. घरमालकाला बहुतेक वेळा पत्ताच नसायचा. पेंटर ती गोळा करून दुकानात द्यायचा आणि पैसे किंवा भांडी घ्यायचा. आता बऱ्याच ठिकाणी कोड स्कॅन करून पैसे थेट खात्यात येतात. हे कूपन का व्हाउचर? पेंटरनं डब्याचे पैसे दिलेले नसतात, पण कंपनीला टोकनचे पैसे द्यावेच लागतात.

गणपती_पेठ :
@कऱ्हाडी, ते बक्षीस. पेंटरनं पुन्हा तोच रंग सुचवावा म्हणून. पैसे घरमालकाचेच, डब्याच्या किमतीत धरलेले.

आता मूळ विषयावर. मी स्वतः दुकानदार आहे (कापडाचा नाही, भांड्यांचा), तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. मुदत घालतो ती लोकांचे पैसे खायला नव्हे. पाच वर्षांपूर्वीचं कार्ड घेऊन कुणी आलं तर ते खरं की रंगीत झेरॉक्स, हे मी ओळखायचं कसं? नंबर टाकलेली वही ठेवतो, पण जुन्या वह्या किती वर्षं सांभाळायच्या? शिवाय माल बदलतो, भाव बदलतात. म्हणून एक वर्षाची मुदत घालतो. मात्र मुदत उलटून कुणी आलं तर वही काढून नंबर बघतो आणि वापरलेला नसेल तर माल देतो. आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. गिऱ्हाईक व्हाउचरपेक्षा जास्तच माल नेतं, हेही तितकंच खरं आहे.

म्हणजे मुदत असणं चूक नाही, मुदतीवर बोट ठेवून पैसे बुडवणं चूक.

हरभट_रोड :
@गणपती_पेठ, तुमच्यासारखं दुकान मिळालं असतं तर हा धागाच निघाला नसता. पण सहा महिने कमी नाहीत का? दिवाळीत दिलेली भेट, माहेरवाशीण उन्हाळ्यात येते. आपल्याकडं हे कुणाला माहीत नाही?

आणि दुकानानं मुदत मला तोंडी सांगितली नव्हती. कार्डाच्या मागं बारीक अक्षरात होती.

निवृत्त_कॅशियर :
चर्चा वाचून लिहावंसं वाटलं. 'कूपन म्हणजे फुकट सवलत' हे गृहीतक मला मान्य नाही. आमच्या बँकेच्या जगात कूपन म्हणजे व्याज. पूर्वीच्या कागदी रोख्यांच्या कडेला छोटे चौकोन छापलेले असत, प्रत्येकावर व्याजाची तारीख. तारीख आली की कात्रीनं तो चौकोन कापायचा, काउंटरवर द्यायचा आणि व्याज घ्यायचं. कूपन हा फ्रेंच शब्दच मुळी 'कापणे' यावरून आलेला. कागदी रोखे गेले तरी रोख्याच्या व्याजदराला आजही कूपन रेट म्हणतात, आणि ज्यावर मधेअधे व्याज मिळत नाही तो झिरो कूपन बाँड.

म्हणजे ज्या चौकोनाला आपण इथं किरकोळ समजतोय तो एकेकाळी सरकारचं लेखी देणं होता. त्यामुळं @हरभट_रोड, दुकानदारानं कार्डावर 'कूपन' छापलं म्हणून त्याची सुटका होत नाही. माझ्या मते फरक असा की कूपन हा कशाचा तरी तुकडा असतो, रोख्याचा, पुस्तकाचा, जाहिरातीचा. व्हाउचर स्वतः पूर्ण दस्तऐवज असतो.

मिरज_जंक्शन :
वा काका! तुकड्याचा मुद्दा लोकलच्या कूपनांना चपखल बसतो.

मार्केट_यार्ड :
आमच्याकडं व्हाउचर म्हटलं की वेगळंच डोळ्यांपुढं येतं. हळदीच्या सौद्यात हमाली दिली, त्याचं बिल कोण देणार? मग छापील व्हाउचर काढायचं. तारीख, कशापोटी, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, खाली घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. पाच हजारांच्या वर रोख पोच असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. ही व्हाउचरं पत्र्याच्या क्लिपला लावलेली असतात, वर्षअखेरीला गठ्ठा हिशेबनिसाकडं. यातनं खरेदीबिरेदी काही होत नाही. मग दोघांचं नाव एकच कसं?

जमाखर्च :
@मार्केट_यार्ड, चांगला प्रश्न. दोन्हींत धागा पुराव्याचा आहे. तुमचं व्हाउचर सांगतं की पैसे दिले गेले. गिफ्ट व्हाउचरही तेच सांगतं, फक्त त्यात माल घ्यायचा राहिलेला असतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ५ दाबलं की पेमेंट व्हाउचर, एफ६ ला रिसीट, एफ७ ला जर्नल. प्रत्येक नोंद व्हाउचरच, कारण प्रत्येक नोंदीमागं कागद हवा.

विटेकर :
साखर कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला सवलतीच्या दरात साखर मिळते ती कशात धरायची? कार्ड दाखवायचं, कमी दरानं पैसे भरायचे, पोतं उचलायचं. दर कमी झाला म्हणजे कूपन. पण शेअरचे पैसे आजोबांनी भरलेत, ऊस आम्ही घालतो, मग नुसती सवलत कशी? हक्कच की ओ.

तासगावचा_बेदाणा :
@विटेकर, आधी साखर आली का ते सांगा, नाव मागनं ठेवू!

विटेकर :
आली, लाडू पण झाले 😄

शासकीय_निमशासकीय :
व्हाउचर नावाची आणखी एक गंमत. केंद्र सरकारनं १२ ऑक्टोबर २०२० ला कर्मचाऱ्यांसाठी 'एलटीसी कॅश व्हाउचर योजना' आणली (एलटीसी म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत). कोरोनामुळं प्रवास बंद होता, म्हणून प्रवासभाड्याऐवजी खरेदी करा म्हणाले. भाड्याच्या तिप्पट खर्च करायचा, १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंवर, पैसे डिजिटल भरायचे, ३१ मार्च २०२१ च्या आत. आमचे मेहुणे केंद्राच्या नोकरीत. ते व्हाउचर कुठं मिळतं म्हणून विचारत फिरले. मिळायचं काहीच नव्हतं, दुकानाचं जीएसटीचं बिल हेच व्हाउचर. म्हणजे @मार्केट_यार्ड यांच्या अर्थाचं.

कृष्णाकाठ :
ई-रुपी हे डिजिटल व्हाउचर राहिलं की. २ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं बनवलेलं. मोबाइलवर क्यूआर किंवा मेसेज येतो. बँक खातं लागत नाही, साधा फोन चालतो. ज्या कामाला दिलंय त्याच कामाला वापरता येतं आणि ज्याच्या नावानं आलंय त्यालाच. यात वापरणाऱ्यानं पैसे भरलेले नसतात, पण देणाऱ्यानं भरलेले असतात. तेव्हा 'पैसे आधी कुणीतरी भरलेत' ही @अजिंक्यतारा यांची कसोटी इथंही टिकते. कूपनमागं कुणीच पैसे भरलेले नसतात, दुकानदार स्वतःचा नफा थोडा सोडतो एवढंच.

पाचगणी_टेबललँड :
आमच्या हॉटेलात दोन्ही रोज बघतो. एजंटकडनं बुकिंग केलेलं गिऱ्हाईक 'हॉटेल व्हाउचर' घेऊन येतं. त्यावर नाव, तारखा, खोलीचा प्रकार, नाश्ता धरलाय का नाही, सगळं असतं. ते बघूनच खोली देतो, पैशाचं एजंट आणि आम्ही बघून घेतो. मग चेक-इनला त्याच पाहुण्याला नाश्त्याची कूपनं देतो. सकाळी डायनिंग हॉलच्या दारात पोरगा अर्धा भाग फाडून घेतो, अर्धा पाहुण्याकडं. अकरा वाजता किचन त्या अर्धुकांवरून ताटं मोजतं आणि उद्याची कणीक ठरवतं. म्हणजे @निवृत्त_कॅशियर काकांचा तुकड्याचा मुद्दा आमच्याकडंही खरा. कूपन व्हाउचरच्या पोटातनं निघतं.

लॉकडाऊनमध्ये बुकिंग रद्द झाली तेव्हा आम्ही 'पुढं कधीही या' म्हणून पत्रं दिली होती. त्यावर मुदत घालावी का यावरून घरात बरीच चर्चा झाली. वडील म्हणाले, पैसे घेतलेत ना, मग मुदत कसली घालतोस. नाही घातली. ती पत्रं घेऊन लोक नंतर आले, आणि त्यांतले बरेच आता दरवर्षी येतात.

गणपती_पेठ :
@पाचगणी_टेबललँड, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

कुपवाड_शेड :
सगळे एका बाजूनं बोलताय म्हणून विरोधी मत. वन्संनी सहा महिन्यांत यायला हवं होतं. अट छापलेली होती, घेताना वाचायची. एसटीचा पास संपला तर कंडक्टरशी भांडतो का आपण? मुदत म्हणजे मुदत.

हरभट_रोड :
@कुपवाड_शेड, पासात महिनाभर एसटी माझ्यासाठी धावते, मी बसले नाही तरी. डिझेल जळतं, कंडक्टरचा पगार होतो. या दुकानानं माझ्या दोन हजारांपोटी काय केलं? साडी त्यांच्याकडंच आहे, पैसेही त्यांच्याकडंच आहेत.

कुपवाड_शेड :
हा मुद्दा चांगला आहे. तरी वाचून घ्या पुढच्या वेळी, एवढंच म्हणतो.

कोर्ट_कचेरी :
मूळ प्रश्नाकडं येतो, कारण हक्काचं कुणी नीट लिहिलेलं नाही.

१. लोक सांगतात की रिझर्व्ह बँकेचा एक वर्षाचा नियम आहे. तो आहे, २०२१ च्या प्रीपेड साधनांच्या निर्देशांत. बँका किंवा परवानाधारक कंपन्या गिफ्ट कार्ड काढतात, जे निरनिराळ्या दुकानांत चालतं, त्याला किमान एक वर्ष मुदत लागते, आणि एका गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये. पण एखाद्या दुकानानं फक्त आपल्याच दुकानासाठी काढलेलं कार्ड त्या निर्देशांखाली येत नाही. तेव्हा दुकानात जाऊन रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊ नका, तिथंच अडकाल.

२. तुमचा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध तरतूद आहे. पैसे पूर्ण घेतले, माल दिला नाही आणि बारीक अक्षरातल्या अटीवर सगळी रक्कम जप्त केली, हे त्यात मांडता येतं. निकाल काय लागेल ते ग्राहक आयोग ठरवील, पण प्रकरण मांडण्याजोगं नक्की आहे.

३. कार्डावर कूपन लिहिलंय की व्हाउचर, याला फार महत्त्व नाही. पैसे दिल्याची पावती आहे का, याला आहे. ती जपून ठेवा, झेरॉक्स काढा. कार्ड दुकानात सोडून येऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बारीक अक्षरांसकट.

४. आधी साधं पत्र द्या, मालकाच्या नावे, काउंटरवरच्या पोराच्या नव्हे. पोच घ्या. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायची.

५. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडंही जाता येतं. म्हणजे तुम्ही सांगलीत करू शकता. आणि भेट ज्यांना दिली त्या तुमच्या संमतीनं लाभार्थी आहेत, तेव्हा वन्संच्या नावे साताऱ्यात करता येईल का, हे तिथल्या वकिलाला विचारून बघा.

हरभट_रोड :
@कोर्ट_कचेरी, मनापासून आभार. पावती आहे, त्यावर 'गिफ्ट कूपनपोटी रोख जमा रु. २०००' असं त्यांच्याच हातचं लिहिलेलं आहे.

जमाखर्च :
'पोटी रोख जमा'! ताई, त्यांनीच लिहून दिलंय की हे देणं आहे. आजच पत्र लिहा, आणि पत्रात हे शब्द जसेच्या तसे उतरवा.

निवृत्त_कॅशियर :
पत्राची भाषा सौम्य ठेवा. मालकाला बहुधा माहीतही नसेल.

वाई_घाट :
हे सगळं वाचून आमच्याच कामाचा प्रश्न पडला. शाळेच्या आनंदमेळ्यात दारात पैसे घेऊन दहा-दहा रुपयांची कूपनं देतो, मुलं स्टॉलवर ती देतात. मेळा संपल्यावर मुलांच्या खिशात कूपनं उरतात, ती तशीच जातात. त्याकडं आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. इथल्या हिशेबानं ते मुलांचे पैसेच झाले. या वर्षी मी कूपनवर असं छापणार आहे : 'रु. १० आगाऊ मिळाले. उरलेली कूपनं त्याच दिवशी रात्री ९ पर्यंत दारावर परत द्यावीत, पैसे परत मिळतील.' काही सुधारणा?

गणपती_पेठ :
फार चांगलं. मागं नंबर टाका, आणि परत आलेलं कूपन लगेच फाडा, नाहीतर तेच पुन्हा फिरतं.

पाचगणी_टेबललँड :
९ ऐवजी १० करा. शेवटची भेळ ९ लाच संपते, तोवर मुलं दाराकडं येत नाहीत.